मनाच्या आजाराची गोळी चालू आहे? मध्येच सोडण्याआधी हे वाचा

नमस्कार. ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं मेडिकल आहे, तुमच्यापैकी बरेच जण रोजचे गिऱ्हाईक आहात. बीपीची, शुगरची गोळी लोक रांगेत उभं राहून मोठ्याने मागतात, पण डिप्रेशनची गोळी घ्यायची असली की आधी मागे सोसायटीतलं कोणी नाही ना ते बघून घेतात, मग चिठ्ठी घडीसकट पुढे सरकवतात आणि हळूच म्हणतात, "खाकी पाकिटात द्या हं." पाकीट आम्ही देतोच, पण कोणी ऐकेल म्हणून तुम्ही काही विचारत नाही आणि मग गोळ्या चुकतात, त्यासाठी हे पत्रक.

मागच्या पावसाळ्यात एक ताई एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीची स्ट्रिप परत घेऊन आल्या, दहातल्या सहा शिल्लक. "चार दिवस घेतल्या, नुसतं मळमळतंय, फरक शून्य." आता नीट ऐका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लूऑक्सेटिन या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी ६-८ सुद्धा. मळमळ, डोकेदुखी हा त्रास मात्र पहिल्याच दिवसांत होतो आणि बहुतेकांचा आठ-पंधरा दिवसांत कमी होतो, म्हणजे लोक गोळी सोडतात ती नेमकी त्रास झालाय आणि गुण यायचाय अशा वेळी. त्या ताईंना आम्ही डॉक्टरांना फोन करायला लावला, त्यांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, एवढंच. पण सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी खूप वाढली किंवा जीव द्यायचे विचार यायला लागले, खास करून तरुण मुलामुलींना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, थांबू नका.

दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की बंद. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर साधारण ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगातून करंट गेल्यासारखं होतं. डोस हळूहळू उतरवायचा आणि तो डॉक्टरांनीच.

झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका, प्लीज. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीची सवय लागते, आणि ती देताना पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ३ वर्षं जपून ठेवायचा आम्हाला कायदा आहे. शेजारणीला लागू पडली म्हणून तुम्हालाही चालेल असं नसतं.

आता आजार ओळखायचा कसा? दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, तर डिप्रेशनचा विचार करावा. सतत नको ती काळजी, छातीत धडधड, लोकलच्या गर्दीत अचानक श्वास कोंडून "आता मरतो" असं वाटणं, हे अँक्झायटी आणि पॅनिकमध्ये होतं (पहिल्यांदा झालं तर ईसीजी काढाच, हृदयाचं नाही ना ते कळू दे). दहा वेळा गॅसचा नॉब बघूनही समाधान न होणं, हे ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती करायला लावणारा आजार, असू शकतं. बायपोलर (मन कधी खूप उत्साहात, कधी खूप उदास) आणि स्किझोफ्रेनिया (भास, खोटे संशय) यांची औषधं वेगळी, बऱ्याचदा दीर्घकाळ घ्यायची. त्यातलं लिथियम हे औषध चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नका आणि अंगदुखीची गोळी आम्हाला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

कारण एकच नसतं. घराण्यात असतं, मेंदूतल्या रसायनांचा भाग असतो, नोकरी गेली, बाळंतपण झालं, घरातलं माणूस गेलं, दारू. थायरॉईड किंवा बी १२ कमी असलं तरी असंच वाटतं, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. "मन खंबीर कर" म्हणून हे जात नाही, घरच्यांनो. गोळीबरोबर काउन्सेलिंगचाही चांगला उपयोग होतो, सौम्य आजारात कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

खर्चाची काळजी असेल तर ठाण्यात १९०१ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे ओपीडीत दाखवता येतं, वेडेच जातात ही समजूत सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारही बाकी आजारांसारखाच कव्हर करायचा असतो, पॉलिसी काढून बघा. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते. काही विचारायचं असेल तर दुपारी २ ते ४ मध्ये या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत आणा, आत खुर्ची आहे.