सापडलेले गुलाब

पडक्या घराच्या परसात, जुन्या दफनभूमीत किंवा ओसाड पडलेल्या शेतवाडीत निगेवाचून तगलेली, पण मूळ नाव हरवलेली गुलाबाची झुडपे. वनस्पतिशास्त्रात असा गट नाही. अमेरिका, बर्म्युडा, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणच्या गुलाबप्रेमींनी सोयीसाठी रूढ केलेली ही संज्ञा आहे. अशी झुडपे हुडकायची, त्यांची ओळख पटवायची आणि फाटे कलमांनी (फांदीची काडी मातीत रुजवून) ती वाढवायची, एवढे सगळे काम तिच्यात येते.

‘जुना गुलाब’ कशाला म्हणायचे, हे अमेरिकन रोझ सोसायटीने 1966 मध्ये ठरवले. फ्रान्समधल्या ल्योंच्या गियो यांचा ‘ला फ्रान्स’ हा पहिला आधुनिक मानला जाणारा गुलाब 1867 मध्ये आला. त्याआधी अस्तित्वात असलेल्या वर्गांतले सगळे गुलाब जुने. इथे वय वर्गाचे धरतात, झुडपाचे नव्हे; त्यामुळे ‘टी’ या जुन्या वर्गातला 1890 च्या सुमाराचा गुलाबही जुन्यातच जमा होतो.

माणसे निघून गेली तरी गुलाब राहतो, याचे कारण बहुधा मुळात असते. पूर्वी शेजारणीकडून फांदी आणायची आणि मातीत खोचायची, अशीच लागवड होई. असे झुडूप स्वतःच्याच मुळांवर उभे असते. ते जमिनीपर्यंत जळाले तरी खालून तोच गुलाब फुटतो. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळासकट बुंध्यावर (खुंटावर) कळी बसवून वाढवलेल्या गुलाबाचे तसे नाही. त्याचा वरचा भाग मेला की खालचा खुंट जोर धरतो. अमेरिकेत गडद लाल फुलांचा ‘डॉ. ह्यूई’ खुंट म्हणून अतोनात वापरला गेला. वसंतात एकदाच बहरणारा लाल वेल कुंपणावर दिसला आणि शोधणाऱ्याला हर्ष झाला, की बऱ्याचदा तो हाच निघतो. ‘हॅरिसन्स यलो’ हा पिवळा गुलाब मात्र खरा प्रवासी. 1830 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये निपजलेला हा वाण पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकऱ्यांबरोबर गेला आणि मुळांच्या फुटव्यांनी पसरत राहिला.

ओळख फुलावरून पटत नाही, नवशिक्याची पहिली चूक तीच. जुन्या रोपवाटिकांच्या सूचीत ‘गुलाबी, भरगच्च, सुवासिक’ एवढेच वर्णन असलेले वाण ढिगाने सापडतात. जाणकार आधी फूल सोडून पानाचा देठ उलटा करून बघतो. देठाच्या बुडाशी दोन बाजूंना चिकटलेली उपपर्णे असतात. त्यांची कड फणीच्या दातांसारखी चिरलेली असेल, तर वंशात कुठेतरी रोझा मल्टिफ्लोरा हा रानगुलाब आहे. मग कळीचे निदल (बाहेरचे हिरवे वेष्टन) बोटांत चोळायचे. बोटे चिकट झाली आणि राळेसारखा वास आला, तर तो कळीवर शेवाळासारखी लव असलेला मॉस गुलाब. स्वीट ब्रायर या रानगुलाबाच्या ओल्या पानांना चक्क सफरचंदाचा वास येतो. काट्यांचा बाक, पर्णिकांची संख्या, फळाचा आकार, बहर एकदाच की पुन्हा पुन्हा, हे सगळे टिपायला किमान एक वर्ष झुडपाकडे जा-ये करावी लागते. डीएनए चाचणीने दोन झुडपे एकच आहेत का ते कळते, पण नाव सांगायला खात्रीचा नमुना आधी हाताशी लागतो. शिवाय फांदीवरच्या अचानक बदलातून निपजलेला वाण आणि त्याचे मूळ झुडूप यांच्यात ही चाचणी सहसा फरक करू शकत नाही.

तोवर काय म्हणायचे? सापडल्या जागेचे किंवा मालकाचे नाव द्यायचे आणि ते दुहेरी अवतरणात लिहायचे. एकेरी अवतरण अधिकृत नावासाठी राखीव. संकेत बारीक वाटतो, पण या साऱ्या व्यवहाराचा प्रामाणिकपणा त्यातच आहे. ह्यूस्टनचा “केटी रोड पिंक” जुना म्हणून मिरवत होता. तो आयोवाच्या ग्रिफिथ बक यांचा ‘केअरफ्री ब्यूटी’ निघाला, म्हणजे थेट 1977 चा! बर्म्युडात 1954 पासून रोझ सोसायटी आहे आणि तिथे अशा गुलाबांना ‘गूढ गुलाब’ म्हणतात. त्यांतला “स्मिथ्स पॅरिश” एकाच झुडपावर पांढरी, लाल रेघांची आणि क्वचित पूर्ण लाल फुले देतो. वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनहून आणलेला पंचरंगी गुलाब तो हाच, असे अनेकांचे मत आहे. तरी बेटावर “स्मिथ्स पॅरिश” हेच नाव चालू आहे, आणि ते बरेच आहे.

आपल्याकडे मात्र अंगणातल्या कुठल्याही वासाच्या गुलाबी गुलाबाला ‘गावठी’ म्हटले की चौकशी संपते. दक्षिणेत सुट्या फुलांसाठी लावतात तो ‘एडवर्ड’ म्हणजे रेयुन्यों बेटावरचा ‘रोझ एदुआर’, बूर्बों या जुन्या गुलाबवर्गाचा पूर्वज, असे मानले जाते. त्या बेटाचे तेव्हाचे नाव बूर्बों होते.

जतनासाठी नावाची वाट बघू नये. टेक्सासमधल्या ‘रोझ रस्लर्स’ मंडळींनी (रस्लर म्हणजे गुरेचोर, नाव थट्टेचेच) रिवाज घालून दिला: मालकाला विचारायचे, झुडूप उपटायचे नाही, फक्त काडी घ्यायची. नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी निवडतात. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढतात, काडी ओल्या कागदात गुंडाळतात आणि घरी आल्यावर वाळूमिश्रित मातीत खोचून वर काचेची बरणी पालथी घालतात. गुलाबाच्या पानांवर पिवळट नक्षी उमटवणारा मोझॅक विषाणू मुख्यतः रोगट खुंट किंवा डोळ्यातून पसरतो, म्हणूनही डोळा भरण्यापेक्षा फाटे कलम बरे.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या 1849 च्या दफनभूमीत 1992 पासून अशा गुलाबांची बाग उभी राहिली. जर्मनीत झांगरहाउझेनचा 1903 चा गुलाबसंग्रह ताडून पाहायला उपयोगी पडतो. दुर्लक्षाने सहसा गुलाब मरत नाहीत. मरतात ते साफसफाईने. तणनाशक फवारणाऱ्याला किंवा गवत कापायचे यंत्र फिरवणाऱ्याला फुले नसलेले झुडूप काटेरी जाळीच दिसते. म्हणून एकाच गुलाबाची रोपे निरनिराळ्या गावच्या तीन-चार बागांत लावतात आणि प्रत्येकाला जागा व काडी घेतल्याची तारीख लिहिलेली पट्टी बांधतात. पट्टी हरवली, तर झुडूप वाचते पण पुन्हा बेवारस होते.