स्कॅन करणं वेगळं, सांभाळणं वेगळं

‘आमचं सगळं डिजिटाइझ झालंय, आता काळजी नाही.’ संग्रहालयातल्या लोकांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की पुढचा प्रश्न माझ्या तोंडात तयारच असतो: फायली कुठे आहेत? उत्तर बहुतेकदा ‘हार्ड डिस्कवर’. आणि डिस्क? ‘कपाटात.’ म्हणजे डिजिटायझेशन झालंय. डिजिटल जतन अजून सुरूही झालेलं नाही.

हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रकल्पाच्या प्रस्तावांत, नोकरीच्या जाहिरातींत, कधीकधी आमच्याच बैठकांतही.

डिजिटायझेशन म्हणजे वस्तूवरून फाईल बनवणं. काम कॅमेऱ्यामागच्या माणसाचं, आणि तो चांगला असेल तर बघत बसावं असं. एक झिजलेलं नाणं घ्या. समोरून प्रकाश टाकला की धातू चकाकतो आणि अक्षरं नाहीशी होतात. तोच दिवा खाली आणून तिरपा धरला की अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि डोळ्यांना दिसत नव्हतं तेही वाचता येतं. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवायची, म्हणजे पडद्यावरचा रंग मूळ रंगाशी ताडून पाहता येतो. नाणं उलटायचं, दुसरी बाजू. नोंदवहीतला क्रमांक फायलीच्या नावात. मग पुढचं नाणं. नाणी दहा हजार असली तरी कधीतरी शेवटचं येतंच. कामाला शेवट आहे म्हणून त्याचं टेंडर निघतं, नगामागे दर ठरतो आणि शेवटी छानसा समारंभही होतो.

जतनाचा समारंभ मी अजून पाहिलेला नाही. कारण त्याला शेवटच नाही. फाईल पुढेही उघडेल का, उघडली तर ती तीच आहे का, आणि ती कशाची आहे हे कळेल का, या प्रश्नांचं उत्तर दरवर्षी ‘हो’ येईल याची तजवीज करत राहायची, एवढंच ते काम.

‘तीच आहे का’ यासाठी आमच्याकडे चेकसम असतो. फायलीतल्या सगळ्या बिट्सवर, म्हणजे तिच्या शून्य-एकांवर, एक गणित चालवून निघणारा तिचा ठसाच म्हणा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा येतो, आणि फायलीतला एक बिट जरी बदलला तरी सगळा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. फाईल दाखल होताना ठसा नोंदवायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून जुळवायचा. एकदा अशाच पडताळणीत एका चित्राच्या टिफ फायलीचा ठसा जुळेना. फाईल उघडली तर चित्र दिसलं, नेहमीसारखं. मोठं करून खाली सरकवत गेल्यावर तळाशी एक करडी पट्टी सापडली, केसाएवढी. ती फाईल तेव्हा कुणीच उघडून बघणार नव्हतं. बॅकअपमध्ये पाहिलं तर तिथेही तीच पट्टी, कारण बॅकअपने आपलं काम चोख केलं होतं: बिघडलेली फाईल इमानेइतबारे चांगल्या फायलीवर चढवली होती. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत होती म्हणून निभावलं. बॅकअप म्हणजेच जतन असं समजणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

‘उघडेल का’ हा त्याहून चिवट प्रश्न. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ साली कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकावर काही चित्रं काढली होती. ती ज्या फ्लॉपींवर होती त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबने त्यातली चित्रं बाहेर काढली आणि २०१४ साली ती जगासमोर आली. जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर उतरवून घेणं हे अर्धंच काम होतं. काही फायली अशा फॉरमॅटमध्ये होत्या की ते ओळखणारं सॉफ्टवेअरच हाताशी नव्हतं. बिट्स सगळे शाबूत, चित्र मात्र दिसत नाही. फॉरमॅटची उकल करावी लागली तेव्हा कुठे ती दिसली. या गोष्टीत स्कॅनर कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ती चित्रं जन्मालाच फाईल म्हणून आली. डिजिटायझेशनचा संबंध नाही आणि जतनाची गरज पुरेपूर. व्हिडिओ गेम किंवा संगणकावरची कलाकृती संग्रहात घेणाऱ्या प्रत्येक संग्रहालयापुढे हेच वाढून ठेवलेलं असतं.

यंत्रांचीही तीच तऱ्हा. फायली साठवायची एलटीओ ही चुंबकीय टेप टिकाऊ म्हणून आम्ही सगळेच वापरतो, पण आठव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-८ चा, ड्राइव्ह सहाव्या पिढीची एलटीओ-६ टेप वाचत नाही. टेप धडधाकट असून उपयोग काय? म्हणून काही वर्षांनी सगळा माल नव्या टेपवर हलवायचा आणि प्रत्येक ठसा पुन्हा जुळवायचा.

‘कशाची आहे’ याबद्दल फार बोलत नाही. ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या फोल्डरमध्ये आयएमजी_०४३१ ही फाईल ज्याला सापडली आहे त्याला कळलं असेल.

डिजिटायझेशन कमी महत्त्वाचं, असं मात्र मुळीच नाही. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमधलं रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. संग्रह सुमारे दोन कोटी वस्तूंचा, त्यातला फार मोठा भाग गेला. काही वस्तूंचं त्रिमितीय स्कॅनिंग आधी झालेलं होतं म्हणून निदान त्यांचा आकार तरी हाती राहिला. जे स्कॅनच झालं नव्हतं त्याचं जतन करायला आमच्यासारख्यांकडे काही नसतंच. पण वस्तू गेली की तिची फाईल ‘नक्कल’ राहत नाही, उरलेला एकमेव पुरावा होते, आणि मग ती कपाटातल्या डिस्कवर असणं परवडत नाही.

या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्यांनी दोन्ही कामं नीट वेगळी ओळखावीत, कारण जाहिरातीत दोन्हींना ‘डिजिटल आर्काइव्हिस्ट’च म्हणतात. एकात वस्तू हाताळायची शिस्त, प्रकाश आणि रंगाची नजर लागते. दुसऱ्यात फॉरमॅट, मेटाडेटा (फाईल कशाची आहे ते सांगणाऱ्या नोंदी), थोडं प्रोग्रॅमिंग, आणि दरवर्षी त्याच कामासाठी पैसे मागायचा निगरगट्टपणा. मुलाखतीत आपणच विचारावं: ‘फायलींची शेवटची पडताळणी कधी झाली?’ तारीख सांगितली तर काम जतनाचं आहे. उत्साहाने स्कॅनर दाखवायला घेऊन गेले, तर काम कुठलं ते कळलंच. मग जायच्या आधी कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेवढं विचारून घ्या.