राणीखेत रोग : विषाणूतील जनुकीय भेद आणि रोगाची तीव्रता

राणीखेत हा कोंबड्यांचा अत्यंत सांसर्गिक विषाणुजन्य रोग असून महाराष्ट्रात त्याला ‘मानमोडी’ म्हणतात. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो आढळला. पुढच्या वर्षी आजच्या उत्तराखंडातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली आणि भारतात तेच नाव रूढ झाले.

एखाद्या कळपात हा रोग शिंका, गळ्यातील घरघर आणि घटलेली अंडी एवढ्यावर निभावतो, तर दुसऱ्या कळपात हिरवट पातळ हगवण, पंखांचा लुळेपणा व पिळवटलेली मान दिसू लागते आणि काही दिवसांत खुराडे रिकामे होते. दोन्हीकडे विषाणू एकाच प्रतिजनी प्रकारचा (सिरोटाइपचा) असतो. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय साहित्य, सुमारे १५,२०० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा), एकपदरी आरएनएचा असून त्यात सहा जनुके असतात. तीव्रतेचा मोठा भाग त्यांपैकी ‘एफ’ या एका जनुकावर अवलंबून असतो, आणि त्यातही एका लहानशा जागेवर.

विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे एफ प्रथिन आधी निष्क्रिय रूपात तयार होते व कोंबडीच्याच शरीरातील विकरांनी ठरावीक जागी छेदल्यावर कार्यक्षम होते. विषाणूच्या सौम्य वाणांत या जागी आर्जिनिन, लायसिन ही आम्लारिधर्मी अमिनो आम्ले कमी असतात आणि प्रथिनाच्या साखळीत ११७व्या स्थानी ल्यूसीन हे अमिनो आम्ल असते. असे प्रथिन श्वसनमार्ग व आतडे येथील ट्रिप्सिनसदृश विकरेच छेदू शकत असल्याने संसर्ग तेवढ्यापुरताच राहतो. उग्र वाणांत ११३ ते ११६ या स्थानांवर किमान तीन आर्जिनिन किंवा लायसिन आणि ११७व्या स्थानी फेनिलअॅलनिन असते. हा क्रम फ्युरिन हे विकर छेदते, आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असल्यामुळे विषाणू प्लीहा व मेंदूपर्यंत पोहोचतो. मान मोडते ती मज्जासंस्थेला झालेल्या या इजेमुळे.

सौम्य क्रमाचा उग्र क्रम होण्याचे बदल प्रत्यक्ष कुक्कुटपालनातही घडतात. ऑस्ट्रेलियात १९९८ ते २००० या काळात पसरलेला उग्र विषाणू बाहेरून आलेला नव्हता. तेथीलच सौम्य विषाणूच्या छेदस्थानी मोजकी उत्परिवर्तने होऊन तो निर्माण झाला होता. तरीही केवळ छेदस्थान पाहून तीव्रतेचा निर्वाळा देणे घाईचे ठरते. कबुतरांतील काही वाणांत उग्र क्रम असूनही कोंबड्यांतील आजार सौम्य राहतो, कारण विषाणूला पेशीला चिकटवणारे एचएन प्रथिन आणि आरएनएची प्रत काढणारे विकर यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत विषाणू टोचून ० ते २ या मापावर तीव्रतेचा निर्देशांक काढतात, तो ०.७ वा अधिक असल्यास वाण उग्र मानला जातो.

पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकून दिली जाणारी लासोटा लस सौम्य वाणाची आहे. ती मरतूक रोखते. मात्र लस दिलेल्या पक्ष्याला संसर्ग झाल्यास तो उग्र विषाणू बाहेर टाकू शकतो. उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथे तयार झालेली आर-टू-बी लस मध्यम तीव्रतेची असून तिच्या छेदस्थानाचा क्रम उग्र वाणांसारखाच आहे. त्यामुळे ती सहा ते आठ आठवड्यांच्या, आधी सौम्य लस मिळालेल्या पक्ष्यांनाच टोचतात. कोवळ्या पिल्लांना दिल्यास ती स्वतःच रोग निर्माण करू शकते.