कास्तेलोरिझो: दोन किलोमीटरवरचा परका किनारा

ग्रीसच्या नकाशात कास्तेलोरिझो बहुधा सापडतच नाही. सापडलंच तर कोपऱ्यात वेगळी चौकट आखून कोंबलेलं. अथेन्सपासून हे बेट साधारण ५७० किलोमीटर लांब, ऱ्होड्स गाठायचं तरी सव्वाशे किलोमीटर. तुर्कस्तानचा किनारा मात्र जेमतेम दोन किलोमीटरवर, आणि समोरच्या काश गावाचे दिवे रात्री बंदरावरून दिसतात. त्यामुळे बेटाला दुर्गम म्हणण्याआधी कुठून दुर्गम, ते विचारायला हवं.

त्याचं अधिकृत ग्रीक नाव मेगिस्ती, म्हणजे 'सर्वांत मोठं'. क्षेत्रफळ मात्र नऊ-दहा चौरस किलोमीटरच. आजूबाजूला रो, स्ट्राँगिली अशी आणखी चिमुकली बेटं आहेत, त्यांच्यात हे मोठं, एवढाच त्या नावाचा अर्थ. सगळा चुनखडीचा खडक, नदी नाही; पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वर्ष काढायचं. शेतीला जागा नसल्यामुळे इथली माणसं समुद्रावर जगली.

त्यांचं पोट होतं समोरच्या किनाऱ्यावर. प्राचीन लिसियाचा तो प्रदेश डोंगराळ आणि जंगलांनी भरलेला. तिथलं लाकूड आणि कोळसा गलबतांत भरून बेटकरी आलेक्झांड्रियापर्यंत नेत. त्यांची जमीनजुमला, सोयरीक पलीकडेही होती. गावातलं संत कॉन्स्टंटाईन आणि हेलेना यांचं १८३५ सालचं चर्च बघा: आतले ग्रॅनाइटचे खांब लिसियातल्या पातारा इथल्या अपोलोच्या मंदिरातून आणलेले आहेत. आज ते खांब आणायचे तर दोन देशांची परवानगी लागेल. तेव्हा समुद्र हा रस्ता होता आणि दोन्ही काठ ओस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, साम्राज्यात. विसाव्या शतकाच्या तोंडावर बेटाची लोकसंख्या नऊ-दहा हजारांच्या घरात होती.

उतरती कळा लागली ती १९१३ पासून. बेटकऱ्यांनी ओस्मानी अंमल झुगारला. १९१५ मध्ये फ्रेंच नौदलाने बेट ताब्यात घेतलं, त्याची शिक्षा समोरच्या किनाऱ्यावरून ओस्मानी तोफांनी दिली. १९१७ च्या जानेवारीत 'बेन-माय-क्री' ही ब्रिटिश विमानवाहू बोट बंदरातच बुडवली गेली. १९२१ मध्ये बेट इटलीकडे गेलं. १९२३ मध्ये लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला, त्यानंतर पलीकडच्या किनाऱ्यावरचे ग्रीक उठून गेले, आणि दोन काठांचा संबंध तुटला. माझ्या मते बेटाचा खरा घात इथेच झाला. दुसऱ्या महायुद्धात घरं पडली, पण धंदा त्याच्याआधीच मेला होता. लोक ऑस्ट्रेलियाला, मुख्यतः पर्थ आणि सिडनीला निघून गेले.

उरल्यासुरल्यांची कथा आणखी वाईट. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतल्यावर जर्मन बाँबहल्ले सुरू झाले, तेव्हा रहिवाशांना आधी सायप्रस आणि मग गाझातल्या निर्वासित छावणीत हलवण्यात आलं. मागे रिकाम्या गावात जुलै १९४४ मध्ये इंधनसाठ्याने पेट घेतला आणि निम्मं गाव जळालं. सप्टेंबर १९४५ मध्ये परतणाऱ्यांना घेऊन पोर्ट सैदहून निघालेल्या 'एम्पायर पॅट्रोल' जहाजाला आग लागून ३३ जण दगावले. १९४७ च्या पॅरिस करारानुसार बेट ग्रीसच्या वाट्याला आलं. मार्च १९४८ मध्ये ते रीतसर सामील झालं. पण वस्ती काही भरून आली नाही, आज ती पाचशेच्या आसपास आहे.

एवढ्याशा खडकाचं वजन आता समुद्राच्या तळावरच्या हक्कावरून ठरतं. बेटालाही मुख्य भूमीच्या किनाऱ्यासारखाच भोवतालच्या समुद्रावर हक्क असतो, असं ग्रीस म्हणतो. तुर्कस्तानला ते मान्य नाही, समुद्रकायद्याच्या १९८२ च्या करारावर त्याची सहीही नाही. २०२० च्या उन्हाळ्यात 'ओरुच रेइस' या तुर्की संशोधन जहाजाने या परिसरात फेऱ्या मारल्या, तेव्हा दोन्ही देशांच्या युद्धनौका समोरासमोर आल्या. त्याआधी, एप्रिल २०१० मध्ये ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान पापांद्रेउ यांनी कर्जात बुडालेल्या देशासाठी बाहेरून मदत मागितली, तीही याच बंदरावरून, मागे निळंशार पाणी आणि रंगीत घरं.

शेजारच्या रो बेटावर देस्पिना आख्लादिओती नावाची बाई १९२७ पासून राहत होती. रोज सकाळी ती ग्रीसचा झेंडा चढवायची आणि संध्याकाळी उतरवायची. १९८२ मध्ये ती गेली. झेंडा आता सैनिक चढवतात. इकडे कास्तेलोरिझोचे लोक मात्र होडीत बसून काशच्या बाजारातून भाजी आणतात, पासपोर्ट दाखवून.