खुडूक बसली आहे, की अंडं अडकलंय?

कोंबडी सकाळपासून खोक्यात बसून आहे, उठायचं नाव घेत नाही. खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, असं आपण म्हणतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण अंडं आत अडकलेली कोंबडीही अशीच कोपरा धरून बसते. तिला खुडूक समजून दोन दिवस तशीच ठेवली, तर ती दगावू शकते. म्हणून आधी तिला उचलून जमिनीवर ठेवा.

खुडूक कोंबडी हात जवळ जाताच अंग फुलवते, गुरगुरते, चोच मारते. खाली ठेवल्यावर थोडा वेळ पसरून बसते, मग कुक-कुक करत दाणे टिपते, पाणी पिते, भलीमोठी घाणेरड्या वासाची शीट टाकते आणि थेट खोक्याकडे पळते. छातीची पिसं उपटलेली, कातडी उघडी आणि गरम लागते. रात्रीही ती झोपायच्या दांडीवर जात नाही.

अंडं अडकलेली कोंबडी भांडत नाही. शेपूट खाली पाडून, अंग उभट धरून, डोळे मिटून उभी राहते. मधूनमधून कुंथते. दाण्याकडे बघतही नाही. तुऱ्यावरून मात्र निदान करू नका, कारण खुडूक कोंबडीचा तुराही फिका पडतो.

अंडं अडकायला बऱ्याचदा कॅल्शियमची कमतरता कारण असते. कॅल्शियम फक्त कवचासाठी लागतं असं नाही. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागतं. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या), वयस्क आणि चरबी चढलेल्या कोंबड्यांना हा धोका जास्त. अशा कोंबडीचा मागचा भाग 20 ते 30 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, नीट कोरडी करा आणि उबदार, अंधाऱ्या, शांत जागी एकटी ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाने जखम होते, जंतुसंसर्ग होतो. काही तासांत अंडं आलं नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

खुडूक कोंबडीच्या बाबतीत इतकी घाई नसते. पिल्लं हवी असतील आणि अंडी फलित असतील, तर 21 दिवस तिला बसू द्या. नको असतील, तर अंडी रोज उचला आणि तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या, पण गवत किंवा भुसा घालू नका. पोटाखालून वारा खेळला की उबवण्याची ओढ हळूहळू ओसरते. गार पाण्यात बुडवण्याचा उपाय मला अजिबात पटत नाही. कोंबडी घाबरते, गारठते.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी सोडून बघा. दांडीवर चढली, तर झालं. खोक्यात शिरली, तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात. अंडी लगेच सुरू होणार नाहीत, त्याला काही आठवडे लागतात.