'राष्ट्र' ते 'लोकसमूह': मिशनच्या यादीत छोटे समाज आले कसे

छोट्या वांशिक समाजांमधल्या ख्रिस्ती मिशनच्या कामावर बोलणं निघालं की चर्चा लगेच धर्मांतर, कायदे आणि परदेशी पैशावर जाते. ते विषय महत्त्वाचे आहेतच, पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही, की "समाज" म्हणजे नेमका कुठला गट, तो कुठे सुरू होतो कुठे संपतो आणि हे ठरवतं कोण. आज मिशनच्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या यादीत जगात सुमारे १७,००० लोकसमूह आहेत आणि त्यातले ७,००० च्या वर "अनरीच्ड", म्हणजे सुवार्ता (येशूचा संदेश) न पोहोचलेले. हे आकडे चर्चच्या पत्रकांवर, प्रार्थनेच्या कॅलेंडरवर, निधीच्या आवाहनात सगळीकडे दिसतात. ते एका व्याख्येतून आलेत आणि ती व्याख्या साधारण १९७४ ते १९९५ या वीस वर्षांत घडली, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्याच काळाला दिलीये.

मुळात गोंधळ एका शब्दाचा आहे. बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांना जी आज्ञा आहे त्यात मूळ ग्रीकमध्ये "एथ्ने" शब्द आहे, आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे "राष्ट्र" येतं. पण पहिल्या शतकात आजच्यासारखी सीमा, पासपोर्ट, झेंडा असलेली राष्ट्रं नव्हतीच. एथ्नॉस म्हणजे एक लोक, एक वंश, आणि अनेकवचनात बऱ्याच ठिकाणी त्याचा साधा अर्थ "यहुदी नसलेले सगळे" एवढाच होतो. म्हणजे एकाच शब्दाचे तीन अर्थ: देश, वांशिक गट किंवा नुसतं "बाकीचे लोक". यातला कुठला धरायचा त्यावर मिशनचा नकाशाच बदलतो. देश धरला तर प्रत्येक देशात एक चर्च झालं की काम संपलं. गट धरला तर एकेका देशात शेकडो कामं शिल्लक राहतात.

एकोणिसाव्या शतकात हा हिशोब कोणी एवढा बारकाईने करत नव्हतं. मिशनरी गेले ते बंदरांवर, राजधान्यांत, मोठ्या धर्मांच्या आणि मोठ्या भाषांच्या लोकांकडे, आणि प्रतिसाद मिळाला भलतीकडूनच. ब्रह्मदेशात बौद्ध बर्मी लोकांसाठी आलेल्या मिशनकडे १८२८ पासून कारेन लोक यायला लागले. छोटा नागपूरमध्ये जर्मन मिशनरी १८४५ ला पोहोचले, पहिली पाच वर्षं एकही बाप्तिस्मा नाही, १८५० मध्ये चार उरांव पुढे आले आणि मग लोंढाच लागला. त्यात जमिनीचा प्रश्न मोठा होता, जमीनदारांविरुद्ध कोर्टात बाजूने उभं राहणारं कोणीतरी मिळतंय हे लोकांनी ओळखलं होतं. मला यात कमीपणाचं काही वाटत नाही, ज्यांचं कोणीच ऐकत नव्हतं त्यांनी ऐकणारा माणूस धरला. डोंगरातल्या आणि जंगलातल्या समाजांची ही गोष्ट खासी टेकड्यांत, मिझो भागात, चीनमधल्या युन्नानच्या लिसू लोकांत थोड्याफार फरकाने परत परत दिसते: शेजारच्या मोठ्या समाजाचा दबाव, लिपी नसलेली भाषा, आणि बाहेरून आलेला एक माणूस जो ती भाषा लिहून काढतो. खासीला १८४० च्या दशकात रोमन लिपी मिळाली, मिझोला १८९० च्या दशकात, चीनच्याच ग्वेइचौच्या डोंगरातल्या एका म्याओ गटासाठी १९०५ च्या सुमारास तर स्वतंत्र लिपीच बनवली गेली. यातल्या बऱ्याच लिपी आजही चालू आहेत.

पण गावोगाव सुवार्ता नेली ती बहुतेक करून त्याच समाजातल्या सुवार्तिकांनी. परदेशी मिशनरी एका ठाण्यावर बसून व्याकरण लिहायचा आणि डोंगरामागच्या गावात पायी जायचा कारेन किंवा लिसू माणूस. मिशनच्या अहवालात मात्र त्यांची नावं क्वचित सापडतात आणि सापडली तर "नेटिव्ह हेल्पर" म्हणून.

१९१० ची एडिंबरा परिषद, म्हणजे मिशनसंस्थांची जागतिक परिषद, ही या जुन्या, देशवार पद्धतीची कळस म्हणावी अशी. तिथे जगाचे दोन भाग मानले होते, ख्रिस्ती प्रदेश आणि बिगरख्रिस्ती प्रदेश. लॅटिन अमेरिका कॅथलिक म्हणून ख्रिस्ती प्रदेशात गेली आणि चर्चेतून बाहेर पडली, आणि तिच्याबरोबर अँडीज आणि ग्वाटेमालाच्या डोंगरातले लाखो मूळ रहिवासीही. देश मोजले की असं होतं.

नंतरचे दोन धागे इथूनच समजतात. पहिला ग्वाटेमालाचा. १९१७ च्या सुमारास एक तरुण अमेरिकन तिथे स्पॅनिश बायबल विकायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की समोरच्या काकचिकेल लोकांना स्पॅनिश धड येतच नाही. त्याने ती भाषा शिकून नव्या कराराचं भाषांतर केलं आणि १९३४ मध्ये भाषांतरकारांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं. तिथून मोजायचं एकक झालं भाषा. दुसरा धागा मध्य भारताचा. तिथेच जन्मलेला आणि छत्तीसगडमध्ये काम करणारा एक अमेरिकन मिशनरी १९३० च्या दशकात हे शोधत होता की काही मंडळ्या (म्हणजे स्थानिक चर्च) का झपाट्याने वाढतात आणि बाकीच्या वर्षानुवर्षं तेवढ्याच का राहतात. त्याचं उत्तर असं की लोक एकेकटे आले तर समाजातून तुटतात, नात्यागोत्यासकट एकत्र आले तर टिकतात. १९५५ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं आणि पुढे त्याचं सूत्र झालं की माणसाला वंश, भाषा किंवा वर्गाची भिंत न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं.

या सूत्रावर जे भांडण झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडण वाटतं. बाजूने बोलणारे म्हणायचे की छोट्या समाजाला मोठ्या समाजाच्या चर्चमध्ये ढकललं तर त्याची भाषा, गाणी, नेतृत्व सगळं मरतं, त्याला स्वतःची मंडळी हवी. हे खरंच आहे. विरोधक म्हणायचे की मंडळीचं कामच भिंती पाडणं आहे, तुम्ही भिंतींनुसार मंडळ्या बांधताय. ते दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखवायचे. तिथे १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, "काहींच्या दुर्बलतेमुळे" रंगानुसार वेगळी उपासना चालवून घेतली, १८८१ मध्ये वेगळं चर्चच झालं आणि पुढे वर्णभेदाला धर्माचा आधार मिळाला. भारतात हाच प्रश्न जातीचा होता, जातवार मंडळ्या म्हणजे मग कशातून सुटका? १९७७ मध्ये अमेरिकेत पॅसाडेनाला दोन्ही बाजू एकत्र बसल्या, सगळ्यांना सही करता येईल असं निवेदन निघालं की सुरुवात म्हणून एकजिनसी (एकाच समाजाची) मंडळी चालेल पण कायमची स्थिती म्हणून नाही. कागदावर ठीक. प्रत्यक्षात सुरुवात कधी संपते हे कोणीच ठरवलं नाही.

तोपर्यंत १९७४ ची लोझान परिषद, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये भरलेली इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांची जागतिक परिषद, होऊन गेली होती. त्या वेळचं वातावरण लक्षात घ्यायला हवं. आफ्रिका-आशियातले चर्च नेते उघड म्हणत होते की परदेशी मिशनरी काही वर्षं पाठवूच नका. १९७१ मध्ये बार्बाडोसला मानववंशशास्त्रज्ञांच्या एका गटाने दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधलं मिशनकाम थांबवा असं जाहीर म्हटलं होतं. प्रत्येक देशात चर्च झालंच आहे, मग मिशनरी कशाला, असा प्रश्न होता. लोझानला एका वक्त्याने, जो स्वतः ग्वाटेमालाच्या माम लोकांत दहा वर्षं राहिलेला होता, याला उत्तर दिलं की देश मोजू नका, लोक मोजा. शेजारी चर्च असूनही भाषा, वंश किंवा जातीमुळे ज्यांच्यापर्यंत ते कधीच पोहोचणार नाही असे हजारो समाज आहेत. काही वर्षांत त्याने आकडाही दिला, १६,७५०. एका भाषणाने मिशनला पुढच्या पन्नास वर्षांचं काम मिळालं, आणि हेही खरं की ज्या समाजांचं नाव कुठल्याच नकाशावर नव्हतं ते पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यासमोर आले.

मग व्याख्या हवी झाली. १९८२ मध्ये शिकागोला बैठक झाली आणि तिथे लोकसमूह म्हणजे भाषा, धर्म, वंश, राहण्याची जागा, धंदा, वर्ग, जात यातल्या कशाही कारणाने ज्यांना आपण एक आहोत असं वाटतं असा मोठा गट, असं ठरलं. इतकी सैल व्याख्या की शहरातले टॅक्सीवालेही त्यात बसतील. आणि "अनरीच्ड" म्हणजे ज्या समाजात बाहेरच्या मदतीशिवाय आपल्याच लोकांत काम नेईल एवढी स्थानिक मंडळी नाही. ही दुसरी व्याख्या मला चांगली वाटते, कारण ती त्या समाजाच्या स्वतःच्या ताकदीबद्दल बोलते. पण ताकद मोजणार कशी? आधी समाजातल्या वीस टक्क्यांची रेघ वापरात होती, त्याखाली असेल तो अनरीच्ड, १९९० च्या दशकात ती दोन टक्के इव्हँजेलिकल आणि पाच टक्के एकूण ख्रिस्ती अशी झाली. ही रेघ थोडीफार मनानेच ओढलीये हे यादीवाल्यांनीही मान्य केलंय. याच सुमारास उत्तर आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या, १० ते ४० अंश उत्तर अक्षांशांमधल्या पट्ट्याला "दहा-चाळीस खिडकी" नाव पडलं आणि पैसा, माणसं तिकडे वळवायची हाक आली.

भारतावर याचा परिणाम विलक्षण झाला. भाषेनुसार मोजणाऱ्या यादीत जगात १२,००० च्या आसपास समूह येतात, मोठ्या यादीत १७,००० च्या वर, आणि या फरकाचं एक मोठं कारण म्हणजे दक्षिण आशियात भाषेऐवजी जात मोजली. भारत सरकारच्याच मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाने १९८५ पासून ४,६३५ समाजांची नोंद केली होती, ती माहिती मिशनच्या अभ्यासकांनीही वापरली. वर एकच समाज भारत, नेपाळ, बांगलादेशात असेल तर तो तीनदा मोजला जातो. त्यामुळे जगातल्या अनरीच्ड समूहांचा सगळ्यात मोठा वाटा एकट्या भारताचा झाला, आणि इथल्या राजकारणात ही यादी "टार्गेट लिस्ट" म्हणून पुढे यायला लागली. यादी करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता. त्याची किंमत मोजतात ती गावातली छोटी मंडळी आणि तिचे पाळक, ज्यांनी ही यादी कधी पाहिलेलीही नसते.

चीनमध्ये उलट प्रकार. १९५३ च्या जनगणनेत लोकांनी स्वतःची चारशेच्या वर नावं सांगितली होती, सरकारने हळूहळू त्याचे ५५ अल्पसंख्य समाज केले, शेवटचा १९७९ मध्ये. मिशनच्या याद्या पुन्हा पाचशेच्या जवळ जातात. दोघांनीही बाहेरूनच ठरवलं.

आणि जिथे खरोखर मोठा बदल झाला तिथे यादीचा फारसा संबंध नव्हता. १९८० च्या दशकाच्या शेवटी उत्तर व्हिएतनामच्या डोंगरातल्या हमोंग लोकांनी फिलिपिन्सवरून येणारा हमोंग भाषेतला रेडिओ ऐकला, गावात एकही मिशनरी नसताना हजारो घरं ख्रिस्ती झाली आणि त्यासाठी त्यांनी पुढे बराच छळ सोसला. लिसूंच्या मंडळ्या १९४९ नंतर सगळे परदेशी निघून गेल्यावरही टिकल्या. मिझोराममधून आज स्वतःच्या पैशावर इतर राज्यांत मिशनरी जातात.

याच्या दुसऱ्या टोकाला अंदमानमधलं उत्तर सेंटिनेल बेट आहे, जिथले लोक बाहेरच्यांपासून पूर्ण अलिप्त राहतात. तिथे जायला कायद्याने बंदी आहे, कारण साध्या सर्दी-तापानेही तो समाज नष्ट होऊ शकतो. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण सुवार्ता घेऊन तिथे गेला आणि मारला गेला. त्यांच्या वागण्यातून "येऊ नका" हे कित्येक दशकं स्पष्ट दिसतंय, पण यादीत नकाराचा रकानाच नाही, तिथे फक्त पोहोचलेले आणि न पोहोचलेले असतात. "सेंटिनेली" हे नावही बाहेरच्यांनी बेटावरून दिलेलं आहे. ते स्वतःला काय म्हणतात हे कोणालाच माहीत नाही.