लेप सुकू देऊ नका

चेहऱ्यावरचा लेप सुकायला लागला की कातडी ओढल्यासारखी होते. ओठ हलवले तर गालावर भेगा पडतात आणि वाटतं, आता खरं काम सुरू झालं. प्रत्यक्षात तेव्हा काम संपत आलेलं असतं. पिठातला स्टार्च किंवा अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं पाणी उडून गेल्यावर आकसतात आणि चिकटलेल्या कातडीला आपल्याबरोबर ओढतात. बारीक रेषा घटकाभर दिसेनाशा होतात त्या यामुळेच. चेहरा धुतला की त्या पुन्हा दिसतात.

घरगुती लेपाचा सारा कारभार चालतो तो त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात. हा थर जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाडीचा. त्यात चपट्या पेशींच्या १५-२० पापुद्र्यांची चळत असते आणि मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं अशा स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. बाहेरचं आत जाऊ न देणं हेच या थराचं काम. बॉस आणि माइनार्डी या त्वचारोगतज्ज्ञांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला: ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं एकक) जास्त, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ४५,००० डाल्टनच्या आसपास आहे, तर कोलॅजेन सुमारे तीन लाख. त्यामुळे ‘त्वचेला आतून पोषण’ वगैरे जे म्हटलं जातं, ते सोडून द्यायला हरकत नाही.

मग उरतं काय? मुख्यतः पाणी, आणि ते कमी लेखण्याजोगं नाही. ओलसर लेपाखाली वरच्या थरातलं पाणी उडू शकत नाही, मृत पेशी ते शोषून फुगतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. हा परिणाम खरा असतो, फक्त तो काही तासच टिकतो. लेप पूर्ण वाळू दिला तर हेही पदरात पडत नाही, कारण कोरडं पीठ वरचा ओलावा आणि तेल टिपून घेतं. तेलकट त्वचेला ते एक वेळ चालेल, पण कोरड्या त्वचेवर पांढरे कोंडे दिसू लागतात.

या हिशेबाने स्वयंपाकघरातला माझा पहिला पसंतीचा पदार्थ म्हणजे ओट्स. त्यातला बीटा-ग्लुकान नावाचा तंतुमय पदार्थ पाणी धरून ठेवतो आणि अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं खाज व लाली शमवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली ओट्सच्या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. मात्र पीठ खरोखर बारीक हवं. मिक्सरमधून काढल्यावर चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं तर ठीक. कण तळाशी बसले तर आणखी फिरवा, नाहीतर चेहऱ्यावर ते नुसतं घासत राहील.

हे पीठ पाण्यात कालवून केलेल्या लेपात थोडा मध घालता येतो. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरा असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. लेप हळू सुकतो तो त्यामुळे. दही घातलं तर लॅक्टिक आम्ल मिळतं. त्याचा रेणू अवघा ९० डाल्टनचा, म्हणजे वरच्या थरात शिरण्याइतका लहान. पण दह्यात ते साधारण एक टक्का असतं आणि सौंदर्यप्रसाधनांत पाच ते बारा टक्के. तेव्हा दह्याने त्वचा किंचित मऊ होईल, यापलीकडे काही होणार नाही. हळदीबद्दल एवढंच की ती लेपापेक्षा टॉवेलवर जास्त काळ टिकते, आणि काहींना तिची अ‍ॅलर्जीही असते.

आता लिंबू. चेहऱ्यावर लावू नये असा एकच पदार्थ निवडायला सांगितला तर मी लिंबूच निवडेन. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, पाचच्या जवळपास असतो आणि लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच. हे माप घातांकी (आकडा एकाने कमी म्हणजे दहापट आम्लधर्मी) असल्यामुळे रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्लधर्मी ठरतो. क जीवनसत्त्वासाठी म्हणावं तर सीरममध्ये ते सहसा १० ते २० टक्के असतं, रसात ०.०५ टक्क्याच्या आसपास. म्हणजे जीवनसत्त्व नावापुरतं आणि झोंबणारं आम्ल मात्र भरपूर. शिवाय लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाची, उन्हात त्वचेला इजा करणारी संयुगं असतात. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की एक-दोन दिवसांत लाली आणि फोड येतात आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन् महिने जात नाहीत. डाग घालवायला निघालेल्या माणसाला हे फारच महागात पडतं. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, त्याचा सामू आठच्या वर. दोन्ही एकत्र केल्यावर फसफसून येतो तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड. दालचिनीसुद्धा डब्यातच बरी, तिच्यातल्या सिनामाल्डिहाइडने अनेकांच्या त्वचेला पुरळ येतं.

नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, चेहऱ्यावर ठेवणार तितकाच वेळ, रोज दोनदा, आठवडाभर. अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असं नसतं. लेप जाडसर लावा आणि नाकाच्या कडा व हनुवटीखालची रेघ यांवर लक्ष ठेवा, कारण तिथला थर पातळ असल्याने तो आधी वाळतो. त्या जागा फिकट दिसू लागल्या की उठा, साधारण दहा मिनिटं पुरतात. कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा आणि चेहरा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा, म्हणजे शोषलेलं पाणी लगेच उडून जाणार नाही.

उरलेला लेप फेकून द्या. ओटच्या पाण्यात विरघळलेला मध जंतूंना रोखण्याइतका दाट राहत नाही आणि बाजारातल्या क्रीमसारखं परिरक्षकही त्यात नसतं. फ्रिजमध्ये ठेवला तर वाढ मंदावते इतकंच, थांबत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन चमच्यांहून जास्त कालवू नका.